१०८ च्या गाड्या वाढणार, पण गाडीतल्या माणसाचं काय?

विश्लेषण | क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर

क्रांती चौक आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला नवा नाही. १८५७ च्या बंडाची आठवण सांगणारा काळा चबुतरा इथे आहे, शिवरायांचा अश्वारूढ पुतळा इथे आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला पहिला मराठा क्रांती मोर्चा याच चौकातून विभागीय आयुक्त कार्यालयाकडे निघाला. त्याआधी आणि त्यानंतर आशाताई, अंगणवाडी सेविका, एसटी कर्मचारी, शेतकरी असे सगळे इथे येऊन गेले. मागणी कोणतीही असो, घोषणा आधी क्रांती चौकात होते.

याच चौकातून १०८ ची गाडीही घाटीकडे जाते. मोर्चा कितीही तापलेला असला तरी सायरन ऐकला की माणसं आपोआप बाजूला सरकतात, झेंडे खाली घेतात, गाडीला वाट देतात. एवढा मान आपण त्या गाडीला देतो. पण गाडीत पुढे बसलेला चालक आणि मागे पेशंटचा हात धरून बसलेला डॉक्टर किंवा सहायक, यांना पगार किती, तो देतो कोण आणि त्यांची नोकरी किती दिवसांची, हे आपण कधी विचारत नाही. आज तेच बघू. कारण यात प्रश्न दोन आहेत. एक, आपल्या घरातला पेशंट वेळेवर आणि नीट पोहोचेल का? दुसरा, पॅरामेडिकलचा कोर्स करणाऱ्या आपल्या पोरापोरींना पुढे काय मिळणार?

आधी गाड्यांचा हिशोब

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी आणि चालवायला बीव्हीजी ही खासगी कंपनी, अशी मांडणी होती. सुरुवातीला गाड्या ९३७. त्यातल्या ७०४ साध्या, म्हणजे ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची सोय असलेल्या. त्यांना बीएलएस म्हणतात. उरलेल्या २३३ गाड्या अत्यवस्थ पेशंटसाठी, व्हेंटिलेटर आणि मॉनिटरसह. त्या एएलएस. तुम्ही गावातून १०८ लावला की फोन पुण्याला औंधच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून जवळची मोकळी गाडी पाठवली जाते.

देशाचा ढोबळ निकष असा आहे की एक लाख लोकांमागे एक बीएलएस आणि पाच लाखांमागे एक एएलएस गाडी असावी. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे साधारण १,१२४ बीएलएस आणि २२५ एएलएस गाड्या हव्यात. एएलएस पुरेशा होत्या, पण बीएलएस चारशेच्या वर कमी. आपल्या जिल्ह्याची त्यावेळची लोकसंख्या ३७ लाख. निकषाने ३७ साध्या आणि ७ मोठ्या, अशा ४४ गाड्या लागतात.

२०२४ मध्ये सरकारने नवा करार केला. सुमित फॅसिलिटीज, स्पेनची एसएसजी आणि बीव्हीजी या तिघांच्या समूहाला दहा वर्षांसाठी काम दिलं. एकूण १,७५६ वाहनं ठरली: २५५ एएलएस, १,२७४ बीएलएस, शिवाय नवजात बाळांसाठीच्या गाड्या, १६६ मोटरसायकली आणि पाण्यातून जाणाऱ्या बोटी. निविदेच्या रकमेवरून विरोधकांनी आरोप केले, सरकारने ते फेटाळले. तो वाद वेगळा आहे. कागदावर मात्र गाड्यांची जुनी तूट भरून निघते, हे मान्य करावं लागेल.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. करार झाला तेव्हा बातम्या आल्या त्या गाड्यांच्या आणि कोटींच्या आकड्यांच्या. किती माणसं भरणार, किती तासांच्या पाळीने, किती पगारावर, ही चर्चा फारशी झाली नाही.

गाडीत नेमकं कोण असतं?

बऱ्याच राज्यांत १०८ मध्ये ईएमटी असतो. म्हणजे आणीबाणीच्या उपचाराचं शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ. तो डॉक्टर नसतो. पण रक्त थांबवणं, श्वासाची वाट मोकळी करणं, हृदय बंद पडलं तर छाती दाबणं, अडलेल्या बाईचं बाळंतपण सांभाळणं, हे त्याला येतं.

महाराष्ट्राने २०१४ ला वेगळी वाट धरली. इथे गाडीत डॉक्टर ठेवला. बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले तरुण डॉक्टर. सोबत चालक, ज्याला कंपनीच्या भाषेत पायलट म्हणतात. पेशंटच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, यात शंका नाही. सरकारी भरतीची वाट बघत बसलो असतो तर ही सेवा एवढ्या लवकर गावोगाव पोहोचलीही नसती.

पण याची दुसरी बाजू आहे. गाडीत माणसं दोनच. स्ट्रेचर उचलायला डॉक्टर आणि चालकच. नातेवाईक धडधाकट असतील तर ठीक, नाहीतर पहिल्या मजल्यावरून किंवा शेतातल्या बांधावरून पेशंट आणायचा तो या दोघांनीच. आणि ईएमटीचा डिप्लोमा केलेल्या पोराला वाटतं की आपल्याला १०८ वर घेतीलच. इथे तर त्याच्या जागेवर डॉक्टर बसलेला आहे. कोर्सच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

पगार कुणाचा, सही कुणाची?

आपल्या गावातल्या आरोग्याच्या माणसांच्या तीन तऱ्हा आहेत. त्या ओळखल्या की सगळं समजतं.

पहिल्या आशाताई. त्यांना पगार नाही, मानधन आहे. पण ते सरकारच्या जीआरने ठरतं. २०२३ च्या शेवटी त्यांनी मोठं आंदोलन केलं आणि मार्च २०२४ मध्ये राज्याने मानधनात ५ हजारांची वाढ केली. भांडल्या, आणि भांडायला समोर सरकार होतं.

दुसरे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी. नर्स, लॅबवाले, औषध निर्माते. यांचा करार थेट सरकारी सोसायटीशी. दहा वर्षं झालेल्यांचं नियमित पदांवर समायोजन करण्याचा निर्णय मार्च २०२४ ला झाला. अंमलबजावणी होत नाही म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून ते पुन्हा बेमुदत संपावर गेले. निर्णय अर्धवट राहिला असेल, पण कागद तरी त्यांच्या नावाचा आहे.

तिसरे १०८ वाले. यांचं नियुक्तीपत्र कंपनीचं. पैसा शेवटी सरकारी तिजोरीतूनच येतो, गाडीवर नाव महाराष्ट्र शासनाचं, पेशंट सरकारी दवाखान्यातच उतरवायचा. पण पगारवाढ मागितली की कंपनी म्हणणार करारात बसत नाही, आणि सरकार म्हणणार हे आमचे कर्मचारीच नाहीत. क्रांती चौकात यायचं तरी घोषणा कुणाच्या नावाने द्यायच्या? शिवाय सेवा अत्यावश्यक. काम बंद केलं की मेस्माची भीती, आणि रस्त्यावर पेशंट अडकला तर शिव्या देणारे आपणच.

समान काम, समान वेतन हा शब्द सगळे वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सरकारने नेमलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने तो निकाल दिला. मात्र ठेकेदारामार्फत आलेल्या माणसासाठी वाट अवघड आहे. २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालाने सांगितलं की ठेका पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. १०८ चा कर्मचारी या दोन निकालांच्या मध्ये अडकलेला आहे.

ऑफर लेटरचा आकडा आणि हातातला आकडा

नोकरी लागली की गावात पहिला प्रश्न, पगार किती? पोरगं ऑफर लेटरवरचा आकडा सांगतं. महिना संपला की खात्यात वेगळेच पैसे येतात. हे कसं होतं ते एका उदाहरणाने बघू. ही कुठल्या कंपनीची पे-स्लिप नाही, फक्त नियमांचं गणित आहे.

समजा मूळ पगार १५ हजार आणि भत्ता काही नाही. त्यातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० गेले. ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे ११३ रुपये गेले. पुरुष असेल तर व्यवसाय कर २०० गेला. हातात आले १२,८८७. आता कंपनीनेही आपल्या बाजूने पीएफचे १,८०० आणि ईएसआयसीचे ४८८ च्या आसपास भरायचे असतात. अनेक ठिकाणी हे पैसेही पगाराच्या एकूण आकड्यात मोजून दाखवतात. म्हणजे लेटरवर सव्वासतरा हजार आणि हातात पावणेतेरा-तेरा हजार. यात फसवणूक असतेच असं नाही, पीएफ आपलाच असतो. पण तो खात्यात खरोखर भरला जातो का, हे दर महिन्याला मोबाईलवर तपासायला हवं.

बारा तासांचं गणित

खरी मेख तासांत आहे. देशात अनेक ठिकाणी रुग्णवाहिकेची पाळी बारा तासांची चालते. कायद्याचा सर्वसाधारण नियम आठवड्याला ४८ तासांचा आहे आणि जादा तासांना दुप्पट दर आहे.

वरचंच उदाहरण घ्या. महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास. १५ हजार रुपये या २०८ तासांचे. आता तोच माणूस रोज १२ तास बसला तर ३१२ तास झाले. जादा तास १०४. दुप्पट दराने १०४ तास म्हणजे २०८ तासांचा मोबदला. थोडक्यात, अजून १५ हजार. बारा तासांची पाळी करणाऱ्याला हिशोबाने दुप्पट पगार बसतो. तो मिळतो का, हे तुमच्या गावातल्या चालकाला विचारा.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. ट्रक आणि बसच्या ड्रायव्हरांचे तास ठरवणारा कायदा १९६१ साली झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. पण त्याच कायद्यात कलम ३८ होतं. आजारी आणि जखमी माणसांना नेणाऱ्या गाड्यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला विश्रांतीचा हक्क, आणि रात्री दोन वाजता पेशंट घेऊन घाट चढणाऱ्याला या कायद्याचा आधार नाही. सायरन वाजला की तास मोजायचे नाहीत, हा विचार बहुधा त्यामागे असेल. एका फेरीपुरता तो बरोबर आहे. रोजच्या पाळीला तो लावला तर माणूस थकणारच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा त्यात विलीन झाला. नव्या संहितेत नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे. जादा कामाला दुप्पट दर आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. कागदावर हे चांगलंच आहे. ते १०८ आणि १०२ च्या गाडीपर्यंत पोहोचतं का, हे आता बघायचं.

माणसं किती लागतात?

एका गाडीत चालकाची जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला १६८ तास होतात. माणशी ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात. डॉक्टर किंवा ईएमटीच्या जागेलाही तेवढीच. म्हणजे एका गाडीमागे सात माणसं, रजा-आजारपण धरलं तर जास्तच. पण बारा तासांची पाळी लावली, सुट्टी ढकलत नेली, की चार माणसांत गाडी चालते.

निकषाप्रमाणे आपल्या जिल्ह्याच्या ४४ गाड्यांना आठ तासांच्या हिशोबाने ३०८ माणसं हवीत. बारा तासांनी भागवलं तर १७६. फरक १३२ नोकऱ्यांचा. करारातल्या १,५२९ एएलएस-बीएलएस गाड्यांना हाच हिशोब लावला तर राज्यात साडेचार हजारांवर नोकऱ्यांचा फरक पडतो. म्हणून गाड्या किती वाढल्या एवढंच विचारून चालत नाही. पाळी किती तासांची, हा भरतीचाच प्रश्न आहे.

कंपनी बदलली तर?

उत्तर प्रदेशात जुलै २०२१ मध्ये काय झालं ते आठवा. तिथे एएलएस गाड्यांचं काम एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं. जुन्या कर्मचाऱ्यांची मागणी साधी होती: आम्हाला त्याच पगारावर पुढे ठेवा, नवी भरती करू नका. कोरोनात याच लोकांनी जीव धोक्यात घालून पेशंट वाहिले होते. संप झाला, अत्यावश्यक सेवा कायदा लावला गेला आणि शेकडो जणांना कामावरून काढलं. गाड्या त्याच राहिल्या, माणसं बदलली.

उलट उदाहरणही आहे. हरियाणाने २००९ मध्ये रुग्णवाहिका सेवा सुरू करताना ती आरोग्य विभागाच्याच हातात ठेवली. तिथेही कर्मचारी कंत्राटीच, तक्रारी तिथेही आहेत. पण मध्ये कंपनी नसल्याने ठेका बदलला म्हणून नोकरी गेली असं होत नाही.

आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत भरतीचा जीआर लोकांच्या रेट्याने सरकारला मागे घ्यावा लागला. तेव्हा तरुण रस्त्यावर होते. पण १०८ आणि १०२ मध्ये जी पद्धत आधीपासून चालू आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

गावाचा काय संबंध?

सोयगावहून घाटी शंभर किलोमीटरच्या घरात आहे, मध्ये अजिंठ्याचा घाट. कन्नड, वैजापूर, सिल्लोडच्या वाड्यावस्त्यांवरून शहर गाठायला दीड-दोन तास सहज जातात. एक गाडी एकदा शहरात गेली की परत येईपर्यंत त्या भागाला दुसऱ्या गाडीचा आधार. अशा वेळी सलग दहाव्या तासाला गाडी चालवणारा माणूस झोपेत असेल तर आतल्या पेशंटचं काय? १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री वैजापूरजवळ समृद्धीवर मिनीबसचा अपघात झाला, १२ माणसं गेली. अशा रात्री धावून येतात ती हीच माणसं. त्यांचा पगार आणि त्यांची झोप हा आपल्या जिवाचा भाग आहे.

पोरांना कोर्सला घालण्याआधी

पॅरामेडिकलच्या फीसाठी जमीन गहाण टाकण्याआधी चार गोष्टी बघा.

एक, कोर्स किती मुदतीचा? संसदेने २०२१ मध्ये सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्यात ईएमटी म्हणजे पॅरामेडिकचाही समावेश आहे. कायद्याच्या व्याख्येत किमान २ हजार तासांचा, दोन वर्षांचा डिप्लोमा किंवा डिग्री लागते. तीन-सहा महिन्यांचं सर्टिफिकेट या व्याख्येत बसत नाही.

दोन, मान्यता कुणाची? विद्यापीठ किंवा सरकारी मंडळाचं नाव लेखी मागा आणि त्यांच्या वेबसाइटवर संस्था सापडते का ते स्वतः बघा.

तीन, प्रत्यक्ष रुग्णवाहिकेत आणि कॅज्युअल्टीत किती महिने काम शिकवणार? नुसत्या वर्गात बसून हा धंदा येत नाही.

चार, "शंभर टक्के १०८ मध्ये नोकरी" म्हणणाऱ्याला विचारा, महाराष्ट्रात गाडीत तर डॉक्टर बसतो, मग जागा कुठली? नोकऱ्या नाहीतच असं नाही. खासगी दवाखाने आहेत. पाचशेपेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष असणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि वाळूज-शेंद्रा आपल्याच जिल्ह्यात आहेत. पण नोकरी कुठे आहे हे बघून कोर्स निवडा.

ग्रामसभेत काय मागायचं?

दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. सार्वजनिक आरोग्य विभागाला विचारा: आमच्या तालुक्यात १०८ आणि १०२ च्या गाड्या किती, प्रत्येक गाडीवर किती चालक आणि किती डॉक्टर किंवा तंत्रज्ञ नेमलेत, पाळी किती तासांची, आणि करारात कर्मचाऱ्यांच्या पगाराची, पीएफची, ठेकेदार बदलल्यास त्यांना पुढे ठेवण्याची अट आहे का? उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. ते ग्रामसभेत वाचून दाखवा आणि आमदारांच्या हातात द्या.

मागणी फार मोठी नाही. गाड्यांची संख्या जशी करारात लिहिली, तशी प्रत्येक गाडीमागे माणसांची संख्या, आठ तासांची पाळी आणि किमान पगारही लिहा. कंपनी कुठलीही येवो, अनुभवी माणूस गाडीवर राहिला पाहिजे. आणि दोन वर्षांचा डिप्लोमा केलेल्या ईएमटीला डॉक्टरसोबत तिसरा माणूस म्हणून गाडीत जागा द्या. स्ट्रेचर उचलायला हात मिळेल, आणि आपल्या पोरांना आपल्याच तालुक्यात काम मिळेल.

क्रांती चौकात सायरन वाजला की आपण वाट देतो. पुढच्या वेळी वाट देताना चालकाच्या काचेकडेही एकदा बघा. तो आपल्यातल्याच कुणाचा तरी पोरगा असतो.